हौमियाच्या शोधकाचा रकाना कोराच राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बटुग्रहांचा, म्हणजे प्लुटोसारख्या छोट्या ग्रहसदृश पिंडांचा, तक्ता छापून आला होता. त्यातील हौमिया या बटुग्रहाचे शोधक म्हणून अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेच्या मायकेल ब्राउन यांचे नाव होते. त्यावर गेल्या आठवड्यात एका वाचकाने याच सदरात हरकत घेतली, की हा शोध स्पेनच्या होजे लुइस ऑर्टिझ यांचा असून अमेरिकेने तो लाटला. मला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. अधिकृत नोंदीत शोधाची तारीख ७ मार्च २००३ आहे, ठिकाण स्पेनमधील सिएरा नेवाडा वेधशाळा आहे आणि शोधकाच्या नावाची जागा रिकामी आहे. गाव आहे, गट नंबर आहे, पण भोगवटादाराच्या जागी काहीच नाही, असा हा सातबारा. तो चुकून तसा राहिलेला नाही.

ब्राउन आणि त्यांचे सहकारी चॅड ट्रुहिलो व डेव्हिड रॅबिनोविट्झ यांना हा पिंड २८ डिसेंबर २००४ रोजी दिसला, तो कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने त्याच वर्षी ६ मे रोजी टिपलेल्या छायाचित्रांत. नाताळ नुकताच झाला होता म्हणून आपसात त्याला ‘सांता’ म्हणू लागले. पण जाहीर केले नाही. मोठ्या दुर्बिणींनी त्याचा नीट अभ्यास करून मग सप्टेंबर २००५ च्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत सांगायचे, असा बेत होता. दरम्यान हवाईतील केक दुर्बिणीतून त्याचे दोन चंद्रही सापडले. आधी सखोल अभ्यास आणि मग घोषणा, ही पद्धत वैज्ञानिक म्हणून चोख आहे. मात्र त्यात एक जोखीम असते. आकाश कोणाच्या मालकीचे नसते, आणि तोवर दुसऱ्या कोणी तोच पिंड पाहून कळवला तर तक्रार करायला जागा उरत नाही.

झालेही तसेच. २० जुलै २००५ रोजी परिषदेतील निबंधांचे सारांश इंटरनेटवर आले. ब्राउन यांच्या सारांशात पिंडाचा अंतर्गत संकेतांक होता, के४०५०६ए. के म्हणजे कायपर पट्टा (नेपच्यूनपलीकडचा लहान पिंडांचा पट्टा), पुढचे आकडे म्हणजे २००४ सालच्या मे महिन्याची ६ तारीख, आणि ए म्हणजे त्या दिवसाचा पहिला पिंड. हा संकेतांक गूगलमध्ये टाकला की ब्राउन यांच्या गटाने वापरलेल्या चिलीतील एका दुर्बिणीच्या निरीक्षण-नोंदी थेट उघडत. त्यांना कुलूपच नव्हते. कोणत्या रात्री दुर्बीण कुठे रोखली होती, हे त्यात लिहिलेले. २६ जुलैला स्पेनमधील ग्रॅनडा येथील अंदालुसिया खगोलभौतिकी संस्थेतील संगणकावरून ही पाने पाहिली गेली. तेथील ऑर्टिझ आणि त्यांचे विद्यार्थी पाब्लो सांतोस-सान्झ यांनी सिएरा नेवाडाच्या २००३ सालच्या छायाचित्रांत एक ठिपका हेरला होता. २७ तारखेच्या रात्री त्यांनी तो अशा पिंडांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या लघुग्रह केंद्राला कळवला. जुन्या छायाचित्रांतून शोध घेता तो १९५५ च्या पालोमारच्या छायाचित्र-पट्टिकांवरही निघाला. म्हणजे पन्नास वर्षे तो तिथेच होता, पाहणाऱ्यांचे लक्ष नव्हते.

ब्राउन यांनी आधी ऑर्टिझ यांचे अभिनंदन केले. नोंदी कोणी पाहिल्या हे कळल्यावर मात्र त्यांनी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेकडे तक्रार केली. ऑर्टिझ यांचे उत्तर असे, की पाने पाहिली हे खरे, पण ती सर्वांना खुली होती आणि आपला ठिपका तोच आहे का एवढेच पडताळायचे होते. त्यांनी आधी काय पाहिले आणि नंतर काय, याचा निवाडा संगणकाच्या नोंदींवरून करता येत नाही. चोरी हा शब्द मी वापरणार नाही. पण दुसऱ्याच्या नोंदी वाचल्यावर केंद्राला पाठवलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख करायला हवा होता. तो केला नाही, हे माझ्या मते निर्विवाद चुकीचे.

या भांडणाने पुढचे बरेच काही घडले. आणखी दोन पिंड असेच हातचे जातील या धास्तीने ब्राउन यांनी २९ जुलैलाच घाईघाईने एरिस आणि माकेमाके जाहीर केले. एरिस तेव्हा प्लुटोहून मोठा वाटत होता. मग ग्रह म्हणायचे तरी कशाला, हा प्रश्न टाळता येईना आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये मतदान होऊन प्लुटो ग्रहांच्या यादीतून उतरला. प्लुटोवरून हळहळणाऱ्यांनी ग्रॅनडातील त्या संगणकाकडेही एकदा पाहावे.

नावाचाही पेच होताच. ऑर्टिझ यांच्या गटाने अतेसिना हे प्राचीन इबेरियन देवतेचे नाव सुचवले. ती पाताळाशी जोडलेली, आणि पाताळातील नावे प्लुटोसारख्या, नेपच्यूनशी ताल धरून फिरणाऱ्या पिंडांसाठी राखलेली. कॅलटेककडून हौमिया हे नाव गेले, हवाईतील प्रसूतीची देवता. तिच्या देहाच्या निरनिराळ्या भागांतून मुले जन्मली अशी कथा आहे, आणि हा पिंडही एका जुन्या टकरीत फुटून त्याचे तुकडे आसपासच्या कक्षांत विखुरले आहेत. चंद्रांना तिच्या मुलींची नावे मिळाली, हीइयाका आणि नामाका. इतके चपखल नाव क्वचितच सुचते. १७ सप्टेंबर २००८ रोजी ते मान्य झाले. ठिकाण स्पेनचे, नाव अमेरिकी गटाचे, शोधक कोणीच नाही. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला तो जाणता निर्णय वाटतो, कारण एकाचे नाव लिहिले असते तर दुसऱ्याबद्दल खोटे लिहिल्यासारखे झाले असते.

ऑर्टिझ यांना निव्वळ खलनायक ठरवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २१ जानेवारी २०१७ रोजी हौमिया एका ताऱ्यासमोरून सरकला, तेव्हा युरोपातील दहा वेधशाळांतून ते पिधान, म्हणजे ताऱ्याचे झाकले जाणे, टिपण्यात आले आणि हौमियाभोवती कडे असल्याचे उघड झाले. नेपच्यूनपलीकडच्या पिंडाभोवती सापडलेले ते पहिलेच कडे. या कामाचे नेतृत्व ऑर्टिझ यांचेच होते, आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की दुरुस्ती छापताना ब्राउन खोडून ऑर्टिझ लिहू नका. ठिकाण सिएरा नेवाडा लिहा आणि शोधकाच्या जागी आडवी रेघ द्या. खाली दोन ओळींची टीप दिलीत तर शाळकरी वाचक ती आवडीने वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज

ता. क. : त्याच तक्त्यात ‘नामकरण : नासा’ असे आहे. असली नावे नासा देत नाही, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना देते. २०१९ मध्ये पंडित जसराज यांचे नाव एका लघुग्रहाला मिळाले तेव्हाही काही बातम्यांत हाच घोळ झाला होता. आणि हौमियाचा दिवस चार दिवसांचा नसून चार तासांहून किंचित कमी आहे. त्या गरगरण्यामुळेच तर तो लांबट झाला आहे.