बिघडलेल्या टी-शर्टवर आकडे लिहून देणाऱ्या मास्तरांना

मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तो काळा टी-शर्ट अजून जपून ठेवलाय. छातीवरच्या पांढऱ्या अक्षरांना तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगा आहेत, आणि उलटा केला की खालच्या दुमडीजवळ तुमच्या मार्करच्या चार ओळी दिसतात: ‘१६० आतपर्यंत. पांढऱ्याला ११० मेश. आधी ५ सेकंद कोरडा. धुऊन मग मोजा.’

तो माल तुम्ही छापलेला नव्हता. तुम्ही तो हातात घेतलात, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणलात, भेगा पाहिल्यात आणि ‘कोणी छापला हा?’ असं न विचारता मार्कर शोधायला लागलात. त्या मार्करचे आभार मानायला हे पत्र. मार्करला पत्र वाचता येत नाही म्हणून तुमच्या नावे.

तुमच्याकडे येण्याआधी हाच टी-शर्ट तीन ठिकाणी फिरून आला होता. छापणारा म्हणाला, कापडच खराब. कापडवाला म्हणाला, शाई हलकी. शाईवाला म्हणाला, मशीनचं सेटिंग. तिघांचंही काही अंशी खरं असू शकतं, पण तिघांपैकी एकानेही तो ताणून पाहिला नाही. आणि छपाईच्या आधी तर तिघांचा एकच मंत्र होता, ‘होऊन जाईल.’ या धंद्यात नव्याने शिरणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं की ‘होऊन जाईल’ ऐकू आलं की माल उचलून निघावं. ज्याला काम येतं तो आधी विचारतो: कापड कोणतं, रंग कोणता, नग किती, धुणार कसं?

‘१६०’ हा आकडा शाईच्या डब्यावरही असतो. ‘आतपर्यंत’ हा शब्द नसतो, आणि सगळी मेख त्यातच आहे. प्लास्टिसोल, म्हणजे टी-शर्ट छपाईतली प्लास्टिकची शाई, तिच्यात पाणी नसतं. ती वाळत नाही, शिजते. ११० अंशांच्या आसपास तिला वरून साय धरते, बोटाला लागत नाही, आणि बघणारा म्हणतो झालं. कापडाला धरून असलेला खालचा थर तेव्हा कच्चाच असतो. दोन-चार धुण्यांत तो सुटतो आणि वरची साय फुटते. नेहमीच्या प्लास्टिसोलला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात ते शाईच्या पूर्ण जाडीला. (कमी तापमानाला शिजणाऱ्या शाया निराळ्या, त्यांचा आकडा त्यांच्या डब्यावरचाच धरायचा.) काळ्यावर पांढरा दोनदा मारला असेल तर थर जाड होतो, म्हणून ड्रायरचा पट्टा हळू चालवावा लागतो. कापड दमट असेल तर उष्णता आधी ती ओल घालवण्यात खर्च होते. सकाळचे पहिले नग कच्चे आणि दुपारचे पक्के निघतात ते बरेचदा ड्रायर नीट तापायच्या आत काम सुरू केल्यामुळे.

शाईच्या दोन थरांच्या मध्ये फ्लॅश मारतात, म्हणजे थोडा वेळ वरून उष्णता देतात, तिथे उलटी चूक होते. तिथे शाई फक्त धरायला हवी, किंचित चिकट राहिली तरी चालेल. उत्साहात पूर्ण शिजवली तर दुसरा थर पहिल्याला धरतच नाही आणि पुढे पापुद्रा निघतो. म्हणजे एकाच टी-शर्टवर कमी शिजवणं आणि जास्त शिजवणं अशा दोन्ही चुका होऊ शकतात. खात्री करायला मात्र ताणण्यासारखं दुसरं काही नाही. शिजलेली शाई रबरासारखी कापडाबरोबर येते, कच्ची तडकते. दहा सेकंदांचं काम. तीन ठिकाणी ते कुणालाच सुचलं नाही, हे अजून डोक्यातून जात नाही.

‘११० मेश’ म्हणजे ज्या फ्रेमच्या जाळीतून शाई उतरते, त्या जाळीला इंचामागे ११० धागे. जाळी मोकळी, शाई भरपूर पडते, काळ्यावर पांढरा भरतो. बारीक रेघा आणि हाफटोनला (ठिपक्यांनी दाखवलेल्या छटांना) २३० सारखी दाट जाळी लागते. एकाच फ्रेमवर सगळं उरकणाऱ्याकडे पांढरा राखाडी दिसतो नाहीतर ठिपके बुजतात. पांढरा मळकट दिसला की बहुतेक जण स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) आणखी जोरात दाबतात, त्याने शाई कापडाच्या आत घुसते आणि रंग आणखीच मरतो. शाई कापडावर बसायला हवी. त्यासाठी फ्रेम आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटरची फट, ताणलेली जाळी आणि हलका हात. हे तुम्ही बोलून नाही, एकदा करून दाखवलंत.

तिसरी ओळ हीट प्रेसची, म्हणजे गरम प्लेटने दाबून डिझाइन चढवणाऱ्या यंत्राची. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी साध्या हवेतही त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्यात असतं. त्याच्यावर थेट डीटीएफची फिल्म (डिझाइन आधी गोंदासकट छापलेली) किंवा व्हिनाइल (कापलेला प्लास्टिकचा पापुद्रा) ठेवून दाबलं तर त्या पाण्याची वाफ होते, मधे अडकते, आणि कोपरे उचलतात. म्हणून आधी ५ सेकंद नुसताच टी-शर्ट दाबायचा. आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता दाखवली होती: गळ्याची किंवा बाहीची शिवण प्लेटखाली आली की वरची प्लेट त्या उंचवट्यावरच टेकते आणि बाकी डिझाइनला दाबच मिळत नाही. शिवण कडेबाहेर लोंबकळत ठेवावी, नाहीतर आत उशी घालावी. प्रेसच्या पडद्यावरचा आकडा एका जागच्या सेन्सरचा असतो, कोपरे त्याहून थंड असू शकतात. ते तपासायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला तर चकचकीत धातूवर तो खराखुरा आकडा देत नाही, कमीच दाखवतो. तापमानाला रंग बदलणारी पट्टी कापडावर ठेवून प्रेस बंद केला की खोटेपणाला जागा राहत नाही.

‘धुऊन मग मोजा’ ही ओळ सगळ्यात साधी दिसते, आणि सगळ्यात जास्त माल तिनेच वाचवला. छापण्याआधी एक कोरा टी-शर्ट घ्यायचा, त्यावर पक्क्या मार्करने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, गिऱ्हाईक धुईल तसाच धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. लांबीत ४७.५ भरला तर पाच टक्के आटला. लांबी आणि रुंदी बहुतेकदा सारखी आटत नाहीत, त्यामुळे एल मापाचा टी-शर्ट धुतल्यावर एम होत नाही, तो आखूड आणि रुंद असा भलताच काही होतो. वर प्लास्टिसोलचा थर आटत नाही. भोवतीचं कापड आटलं की छापाच्या कडेने चुण्या पडतात आणि दोष शाईला लागतो.

जीएसएम ऐकून कापड घेणाऱ्यांना तुम्ही हसला होतात, ते रास्तच होतं. १८० जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम, एवढंच. ते किती आटेल, किती बोंद (लोकरीसारखे बारीक गोळे) धरेल, गळा किती दिवस गळ्यासारखा राहील, हे त्या आकड्यात नसतं. कोम्ब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेल्या सुताचं कापड बोंद कमी धरतं. बायोवॉशने (एन्झाइमच्या धुण्याने) वरची लव निघते, नाहीतर धुतल्यावर तीच लव शाईतून वर येते आणि काळ्यावरचा पांढरा धुरकट दिसतो. आणि १८० सांगून १६० देणाऱ्यांची वाण नाही. १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कापून दशांश ग्रॅमही दाखवणाऱ्या काट्यावर ठेवला की १.८ ग्रॅम भरायला हवा. भरत नसेल तर वाद घालायची गरजच उरत नाही.

बाजूची शिवण पोटावर फिरून येते, ती तर छापणाऱ्याची चूक नसतेच. सिंगल जर्सीच्या (टी-शर्टच्या नेहमीच्या विणीच्या) सुतात पीळ राहिला असतो, धुण्यात तो मोकळा होतो आणि कापड तिरकं होतं. त्यावर छपाईत उपाय नाही. तो एक धुतलेला नमुना हाच उपाय.

आता तुमच्या नकारांबद्दल, कारण आभार त्यांचेही मानायचे आहेत. लाल पॉलिएस्टरवर पांढरा छाप तुम्ही नाही म्हणालात. दुसरीकडे तो हसत हसत छापून मिळाला असता, आणि छापताना पांढरा तो खोक्यातून काढताना गुलाबी निघाला असता. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने वायू होऊन वरच्या शाईत चढतो, आणि हे काम तो छपाईनंतरही कित्येक तास, कधी दिवस करत राहतो. खाली राखाडी अडसर थर, लो-ब्लीड (खालचा रंग वर चढू न देणारी) शाई आणि कमी तापमान लागतं. ते तुमच्याकडे तेव्हा नव्हतं, आणि नाही हे तुम्ही सांगितलंत. तीच गोष्ट सुती टी-शर्टवर सब्लिमेशनची, म्हणजे उष्णतेने वायू होऊन कापडात शिरणाऱ्या शाईच्या छपाईची. ती शाई पॉलिएस्टरला धरते, सुताला नाही. पहिल्या धुण्यात फोटो फिकट होतो हे सांगायला कुणी तयार नसतं.

आणि ते बारा नग! चार रंगांचं डिझाइन म्हणजे चार फिल्म, चार फ्रेम, चारदा इमल्शन (जाळीवरचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप), चारदा जुळवणी. हा सगळा खर्च बारावर वाटायचा की शंभरावर, यातच भाव ठरतो. तुम्ही ते हातचं काम सोडून देऊन मला डीटीएफवाल्याकडे पाठवलंत आणि वर त्याचाही दोष सांगितलात: सलग मोठा ठोकळा छापला तर छातीवर प्लास्टिकचा पत्रा लावल्यासारखा होतो, हवा जात नाही, म्हणून डिझाइनमध्ये मोकळी जागा सोडा. गोंदाची पावडर नीट झटकली नाही तर कडेला पांढरी किनार राहते, तीही बघून घ्या. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारा माणूस आणि त्याला दुसऱ्याकडे काय तपासायचं हेही शिकवणारा माणूस, यांत फार अंतर आहे. पहिले थोडे भेटतात. दुसरे फारच थोडे. सचोटी म्हणतात ती अशी कारखान्याच्या कोपऱ्यात शाईने माखलेल्या हातांनी उभी असते, तिला फलक नसतो आणि म्हणून ती शोधायला वेळ लागतो.

डिझाइनच्या फायलीवरून तुम्ही ओरडलात तेही योग्यच. १,००० पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरतं. २८ सेंटिमीटर रुंद छापायचं तर ३,३०० पिक्सेल हवेत. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे आकार म्हणून गोठवून, दिली नाहीत तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. अनुस्वाराचा टिंब फार बारीक असेल तर फ्रेम धुताना उमटतच नाही, आणि अर्थ बदललेला टी-शर्ट कुणी घेत नाही. गळ्याच्या शिवणीपासून सात-आठ सेंटिमीटर खाली छाप सुरू करायचा. टी-शर्टच्या बरोब्बर मध्यावर छापला तर तो माणसाच्या पोटावर येतो. ३० सेंटिमीटरचा छाप एक्सएलला शोभतो, एसला तो काखेत शिरतो, तेव्हा रुंदी सर्वांत लहान मापावरून ठरवायची नाहीतर दोन फ्रेम करायच्या.

हिशेबाचं तुम्ही एकच वाक्य बोललात: ‘कोरा ठेवा, छापलेला ठेवू नका.’ चार डिझाइन, पाच रंग, पाच मापं म्हणजे शंभर प्रकार. प्रत्येकी पाच ठेवले तरी पाचशे नग, आणि मागणी येते ती नेमकी संपलेल्या एलची. कोऱ्यावर उद्या दुसरं डिझाइन चढतं, छापून पडून राहिलेल्यावर धूळच चढते. काळा आणि पांढरा, एस-एम-एल-एक्सएल १:२:२:१, आणि तेही एकाच रंगाईच्या लॉटमधले, कारण दोन लॉटचे काळे शेजारी ठेवले की एक तपकिरीकडे झुकतो. शंभराची ऑर्डर असेल तर चार-पाच नग जास्त घ्यायचे, कारण काही बिघडणारच. हे जो आधी धरत नाही त्याला ते शेवटी स्वतःच्या नफ्यातून भरावे लागतात.

तुमच्या चार ओळींवर आता एवढं सगळं उभं आहे. एक अडचण तेवढी सांगायची राहिली. तुमच्याच चौथ्या ओळीचं ऐकून तो टी-शर्ट इतक्यांदा धुतला गेलाय की मार्कर उडत चाललाय. ‘१६०’ वाचता येतं, ‘आतपर्यंत’ मधला ‘आत’ गेलाय. पुढच्या आठवड्यात नमुना दाखवायला यायचं आहे तेव्हा तो बरोबर आणतो, पुन्हा एकदा लिहून द्या. मार्कर मी आणेन, तुमचा तुम्हाला वेळेवर सापडत नाही.

तुमचा ऋणी,
काळ्यावर पांढरा छापून घेणारा एक