भिंतीवरच्या फार्मासिस्टला काय विचारायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल, २५ सप्टेंबरला, जागतिक फार्मासिस्ट दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. ‘तुम्ही तुमच्या फार्मासिस्टशी शेवटचे कधी बोललात?’ असे लेखकाने मोठ्या आपुलकीने विचारले आहे. विचारलेच आहे तर सांगतो. मी महिन्यातून सात-आठ वेळा तरी मेडिकलमध्ये जातो. माझी रक्तदाबाची गोळी, सौ.ची थायरॉइडची, नातवाचे सर्दीचे औषध, शिवाय शेजारच्या आजोबांचे इन्सुलिनही मीच आणून देतो. बोलणेही होते. ‘सुटे आहेत का?’, ‘पूर्ण पट्टी घ्यावी लागेल’, ‘तीच आहे काका, फक्त कंपनी वेगळी.’ यातले कोणते वाक्य फार्मासिस्टचे होते, ते मात्र मला सांगता येणार नाही. आमच्या चौकातल्या दुकानाचा फार्मासिस्ट भिंतीवर असतो. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र, शेजारी गणपतीची तसबीर. चार वर्षांत दर्शन झाले ते गणपतीचे.

लेखकाचा सल्ला चुकीचा नाही. कोणती गोळी उपाशीपोटी, कोणती जेवणानंतर, कोणत्या दोन एकत्र घ्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांच्या गर्दीत विचारायचे राहते, ते फार्मासिस्टला विचारावे. छान. पण चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले पाहिजे, हा नियम १९४५ चा आहे. रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कामच आहे, असे २०१५ च्या नियमावलीतही आले. म्हणजे सल्ला घ्यायचा राहिला असेल तर तो आमच्या आळसामुळे नाही. समोर माणूसच नाही, त्याला आम्ही काय करणार?

गेल्या दिवाळीत सौ.ची थायरॉइडची गोळी संपली. तिला ५० मायक्रोग्रॅमची चालू आहे. मी चिठ्ठी दाखवली. काउंटरवरच्या मुलाने खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून मागच्या फळीवरची बाटली काढली, मी पैसे दिले आणि घरी आलो. ती बाटली १०० ची होती. हे कळायला जवळजवळ दोन महिने गेले. तोवर हिची झोप उडाली, हात थरथरू लागले, छातीत धडधड सुरू झाली, ऐन डिसेंबरात ‘पंखा लावा’ म्हणू लागली. वजन चार किलो उतरले. त्याबद्दल भजनी मंडळात तिचे कौतुक झाले. मी तिला चहा कमी कर म्हणून सांगत होतो.

शेवटी निदान झोप तरी लागावी म्हणून मी झोपेची गोळी आणायला निघालो. चौकातले दुकान त्या दिवशी बंद होते, म्हणून पेठेतल्या जुन्या दुकानात गेलो. तिथे मालक स्वतः फार्मासिस्ट आहेत आणि स्वतः बसतात. त्यांनी आधी चिठ्ठी मागितली. मी म्हणालो, ‘‘अहो, वीस वर्षांची ओळख आपली.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणून तर देत नाही. वहिनींना आणखी काय काय चालू आहे?’’ मी सांगितले. त्यांनी बाटली आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन यायला सांगितले. मला राग आला, पण गेलो आणि घेऊन आलो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, चिठ्ठी बाटलीशेजारी धरली आणि म्हणाले, ‘‘मास्तर, इथे पन्नास लिहिलेत, ही शंभरची आहे.’’ डॉक्टरांना फोनही त्यांनीच लावला. पुढे रक्ततपासणी, हृदयाचा आलेख, पुन्हा सहा आठवड्यांनी रक्ततपासणी असे सगळे झाले. आता ती बरी आहे.

बाटली घेऊन चौकातल्या दुकानात गेलो तेव्हा ऐकायला मिळाले, ‘‘तुम्ही बघून घ्यायला पाहिजे होते ना काका.’’ वर, ‘‘सील फोडले आहे, परत घेता येणार नाही.’’ मी म्हटले, फार्मासिस्टना बोलवा. मुलगा भिंतीकडे बघून म्हणाला, ‘‘मॅडम लग्न झाल्यापासून नाशिकला असतात.’’ दुकान साताऱ्यात आणि देखरेख नाशिकहून! प्रमाणपत्र भाड्याने लावतात, हे ऐकून होतो.

यात माझाही दोष आहे, तो लपवत नाही. पेठेतले दुकान मी सोडले ते चौकात पंधरा टक्के सूट मिळते म्हणून. त्यातून वर्षाला हजार-बाराशे रुपये वाचत असतील. तपासण्यांना आणि रिक्षांना अडीच हजारांवर गेले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे मी.

आणि हो, पाच गोळ्या मागितल्या की पट्टी कात्रीने अशी कापतात की मुदतीची तारीख दुकानात आणि गोळ्या आमच्या घरी. त्यावरही आपल्या लेखकाने दोन ओळी लिहायला हरकत नव्हती.

आता लेखाच्या खालच्या जाहिरातीबद्दल. वर ‘औषधांबाबत तज्ज्ञांनाच विचारा’ आणि बरोबर खाली पाव पान, ‘मधुमेह मुळापासून बरा, ९० दिवसांत, इन्सुलिन कायमचे बंद’. मधुमेह बरा करून देतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्या जाहिरात विभागात हा कायदा पोहोचला नसावा, किंवा तोही कुठेतरी चौकटीत लावलेला असावा. लेखाच्या अक्षरांपेक्षा जाहिरातीतला फोन नंबर मोठा होता. शेजारच्या आजोबांनी तो भिंग न लावता वाचला आणि वहीत उतरवून घेतला. आज सकाळी इन्सुलिन आणायला निघालो तर म्हणतात, ‘‘राहू द्या मास्तर, या वेळी नको, पेपरात आलंय.’’ त्यांना काय सांगू, ते कृपया कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा