गतिरोधकावर पांढरा पट्टा मारायला किती पैसे लागतात, मंत्रीमहोदय?

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
राज्यातले रस्ते तुमच्या खात्याकडे आहेत म्हणून हे पत्र तुम्हाला.

स.न.वि.वि.

वाईच्या पुढे एका गतिरोधकावर आमची गाडी आपटली, त्याची मी तक्रार केली होती. काल दुपारी मला मोबाईलवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." मी लगेच वाईच्या मैत्रिणीला फोन केला, म्हटलं जरा जाऊन बघ गं काय केलंय ते. ती संध्याकाळी नवऱ्याबरोबर स्कूटरवर गेली आणि फोटो पाठवला. गतिरोधक आहे तसाच आहे, काळा कुळकुळीत. ना पट्टा, ना बोर्ड, ना रिफ्लेक्टर. मग निकाल कसला लावला? कुणी लावला? तिथे कुणी गेलं तरी होतं का? मेसेजखाली कुणाचं नाव नाही, सही नाही, फोन नंबर नाही.

झालं काय ते सांगते. कॉलेजातले आमचे मित्र नवराबायको आता वाईच्या पुढे राहतात, किती वर्षं या या म्हणत होते. शेवटी मी, नवरा, लेक आणि सासूबाई असे शनिवारी निघालो. गाडी मीच चालवत होते. नवले पुलावर पाऊण तास गेला, खेड शिवापूरला टोल कापला गेला, खंबाटकी चढून खाली उतरलो, सुरूरला महामार्ग सोडून आत वळलो आणि मग पुढे गावाकडच्या रस्त्याला लागलो. ठिकाणाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही कारण गावाचा काही दोष नाही, लोकेशन आणि फोटो तक्रारीत आहेत.

दिवेलागणीची वेळ, दोन्ही बाजूला ऊस, वर झाडांची सावली. रस्ता नवा डांबरी, चांगला, वेग पन्नासच्या आत. आणि अचानक गाडी वर उडाली आणि खालून असा काही आवाज आला की लेक किंचाळलीच. शेताचा बांध आडवा घालावा तेवढा उंच गतिरोधक होता, आणि रस्त्याचंच डांबर असल्यामुळे पार जवळ जाईपर्यंत दिसतच नव्हता. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, मी गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद केलं. नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च लावून खाली बघितलं तर ऑइलची धार लागलेली, गरम ऑइलचा वास, आणि मागे रस्त्यावर गतिरोधकापासून गाडीपर्यंत ओली रेघ. सासूबाई मागच्या सीटवर होत्या, त्यांचा मणका आधीच दुखरा, त्या वर आपटून खाली बसल्या त्या हलल्याच नाहीत. बोलायलाच तयार नाहीत. तो क्षण मला अजून झोपू देत नाही.

दोन पोरं शेतातून आली. म्हणाली, "ताई, हितं रोज एकतरी गाडी घासती. परवा बाईकवरचे दोघं पडले." त्याच गतिरोधकावर बारीक बारीक ओरखडे होते, चरे म्हणावेत असे, इतक्या गाड्यांची पोटं घासलेली. म्हणजे हे सगळ्या गावाला माहिती आहे, आणि ज्यांचं काम आहे त्यांनाच माहिती नाही?

मित्र आला, दोर लावून गाडी ओढत नेली. जेवायला भरीत भाकरी करून वाट बघत बसले होते बिचारे, सगळं गार झालं आणि आमची रात्र गेली सासूबाईंना शेकण्यात. रविवारी ज्या गप्पा मारायच्या होत्या त्या गॅरेजच्या बाकड्यावर मारल्या. मेकॅनिक म्हणाला इंजिनखालचं ऑइलचं चेंबर गेलं, वेल्डिंग करून उपयोग नाही, नवीनच टाका. चेंबर, ऑइल, फिल्टर, मजुरी धरून नऊ हजारांच्या वर गेलं. इन्शुरन्सचा क्लेम घेतला असता तर नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून खिशातून भरले. सासूबाईंचा एक्सरे, ऑर्थोपेडिकची फी, कमरेचा पट्टा, ते वेगळंच. त्या अजून नीट बसू शकत नाहीत, आणि आता म्हणतात, मी कुठे येत नाही बाई तुमच्याबरोबर.

आता नियम सांगते, कारण मी तो शोधून वाचला. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं आयआरसी ९९ म्हणून मार्गदर्शक आहे, १९८८ पासूनचं. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीत लिहिलं होतं की गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर उताराचा हवा, त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि अलीकडे ४० मीटरवर इशाऱ्याचा बोर्ड हवा. आम्ही रविवारी परत जाऊन टेपने मोजलं. रुंदी एक मीटरसुद्धा भरली नाही, उंची मात्र वीतभर. बाकी दोन गोष्टी तर नाहीतच.

फोनवर एक साहेब मला म्हणाले, "मॅडम, गतिरोधक गावकऱ्यांनी मागितला." मागणारच ना! गाड्या सुसाट जातात, शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, एखादं लेकरू गेलं की लोक रस्त्यावर बसतात आणि मग तुमची माणसं ठेकेदाराचं उरलेलं डांबर रस्त्यावर ओतून मोकळी होतात. गावाने सुरक्षितता मागितली होती, डांबराचा ढिगारा नव्हता मागितला. त्याच साहेबांना मी नुकसानभरपाईचं विचारलं, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिलाय. तर उत्तर काय, "ते खड्ड्यांसाठी आहे, हा खड्डा नाही." म्हणजे रस्ता खाली गेला तर माणूस जखमी होतो आणि वर आला तर होत नाही?

केंद्राच्याच आकड्यांवरून २०१७ मध्ये पेपरात आलं होतं की गतिरोधकांमुळे देशात रोज तीसेक अपघात होतात आणि नऊ माणसं मरतात. वेग कमी करून जीव वाचवायला केलेली वस्तू ही! आणि २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांच्या वर लोक गेले, त्यात १५ हजारांच्या वर आपल्या महाराष्ट्रातले. आम्ही पुणेकर तर नवले पुलावर कायम जीव मुठीत धरून जातो, नोव्हेंबर २०२२ ला एका टँकरने ४८ गाड्या ठोकल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही पाहणी झाली, बैठका झाल्या, आणि माणसं त्यानंतरही मेलीच.

माझ्या मनात खरा राग कशाचा आहे सांगू? गाडी घेतली तेव्हा ११ टक्के रोड टॅक्स एकरकमी भरला. पेट्रोलवर सेस भरते. फास्टॅग नसला तर दंड. सिग्नलची पांढरी रेघ जरा ओलांडली की कॅमेरा फोटो काढतो आणि चलन घरी येतं. माझी चूक पकडायला यंत्रं आहेत, सेकंदात पकडतात, नंबरप्लेटसकट. तुमच्या माणसाने रस्त्यावर बेकायदा उंचवटा घातला तर तो कोण हे राज्यात कुणालाच सांगता येत नाही. रस्ता एकाचा, डांबर दुसऱ्याचं, मागणी तिसऱ्याची, आणि कंबर माझ्या सासूबाईंची! मतं मागायला याल तेव्हा याच रस्त्याने याल, पण तुमच्या ताफ्यापुढे पोलिसांची गाडी असते, तुम्हाला कुणीतरी आधी सांगतं पुढे काय आहे ते. आम्हाला कोण सांगणार?

माझं मागणं मोठं नाहीये. त्या गतिरोधकाची तक्रार परत उघडा, तो तोडून नियमाप्रमाणे करा, तोपर्यंत निदान चुन्याचा पट्टा तरी मारा, आजच्या आज. राज्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला मंजुरी देणाऱ्या इंजिनियरचं नाव तिथल्या बोर्डवर लिहा. ज्याने न बघता माझी तक्रार "निकाली" काढली त्याचं नाव मला लेखी कळवा. गॅरेजचं बिल, एक्सरे आणि दोन्ही वेळचे फोटो सोबत जोडले आहेत, त्याचे पैसे कोणत्या खात्यातून मिळणार तेही कळवा. आणि कृपा करून उत्तर मेसेजने पाठवू नका, खाली नाव आणि सही असलेला कागद पाठवा.

आपली,
कर्वेनगर, पुणे येथील एक करदाती