फोडनच्या स्टिअरिंगवर बसवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभाराचं काढलं की तुम्ही हवामानावर जाता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. दुसरंही कारण आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तिथल्या गणपतीत आपल्या डॉक्टरांच्या, बँकवाल्यांच्या गोष्टी खूप ऐकल्या. पण एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून निघून डर्बीशरच्या चुनखडीच्या खाणींपाशी टिपर उघडत-जोडत उभी हयात घालवलेल्या फिटरबद्दल कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही.

१९७३ साली मी बक्स्टनला आलो. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक हाकलेला, खंडाळ्याचा घाट पाठ. तरी यार्डातली ती आठ चाकी फोडन, म्हणजे फोडन कंपनीचा इंग्लिश टिपर ट्रक, बघून छातीत धस्स झालं होतं. (आठ म्हणायचं ते त्यांच्या हिशेबानं, जोडचाक एकच धरून, आपल्याकडे तिला बारा चाकीच म्हणतील.) पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल वळणारे, त्यात पॉवर स्टिअरिंग नाही. भरल्यावर एकूण वजन ३० टन, आणि ते ओढायला १८० अश्वशक्तीचं गार्डनर कंपनीचं इंजिन. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर हसतात. हसू देत. साडेदहा लिटरचं ते ६एलएक्सबी इंजिन मिनिटाला १८५० फेऱ्यांच्या वर जातच नसे, पण खालच्या फेऱ्यांना असं चिवट ओढायचं की चढावर ताठ मानेनं चालत राहायचं. वेग मात्र विचारू नये. लाँग हिलवर मागे मोटारींची रांग लागायची आणि तुम्ही म्हणायचात, "त्यांना घाई आहे, आपल्याला खडी आहे."

गिअरबॉक्सचा धडा तुम्ही यार्डाच्या फरशीवर दिलात, खाणीतल्याच चुनखडीच्या तुकड्यानं रेघा ओढून. मूळ गिअर चार, त्यामागे एपिसायक्लिकचे (जादा दातेरी चाकांच्या जोडणीचे) तीन टप्पे, मिळून बारा. गिअर आपोआप जुळवून घेणारं सिंक्रोमेश नाही. डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणं, मला येत होता, पण गार्डनरचे फेरे उतरायला वेळ लागतो हे कोण सांगणार? टाटाच्या सवयीनं गिअर टाकायला गेलं की बॉक्स दात खायचा. तुम्ही शेजारी बसून नुसतं "थांब... थांब... आता" म्हणायचात. महिनाभरानं माझा हात आपोआप थांबायला लागला. रविवारी रिकामी गाडी मला सरावासाठी मिळावी म्हणून मालकाला तुम्ही काय सांगितलंत ते आजवर कळलेलं नाही. क्लास टूचं (अशा जड ट्रकचं) लायसन्स हातात आलं त्या संध्याकाळी तुमच्या घरी पिठलं-भात होता, एवढं आठवतं.

पण नाना, हे पत्र लायसन्ससाठी नाही. ड्रायव्हरनं चालवायचं, फिटरनं उघडायचं, असा त्या यार्डाचा शिरस्ता होता. मधली रेघ पक्की. तुम्ही एका शनिवारी जुना डांगरी माझ्या अंगावर टाकलात आणि म्हणालात, "जी गाडी तुला घाट उतरवते तिच्या पोटात काय आहे ते बघायला नको?" ते शनिवार म्हणजे माझं खरं शिक्षण.

किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला) ग्रीस मारायचं तर अ‍ॅक्सल आधी जॅकवर घे, भार उतरला तरच ग्रीस आत शिरतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिथे ते फार महत्त्वाचं, कारण दोन स्टिअरिंग अ‍ॅक्सल म्हणजे चार किंगपिन, आणि खाणीचा ओला चुरा ग्रीसमध्ये मिसळला की तो पॉलिश पेपरसारखा लोखंड खातो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन सोडायची नाही. संध्याकाळी हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडायचं, नाहीतर बक्स्टनच्या थंडीत रात्री व्हॉल्व्ह गोठतात आणि सकाळी ब्रेक सुटत नाहीत. गार्डनरच्या डिझेल पंपावरच्या त्या छोट्या दांड्या! एकेका सिलिंडरची दांडी बोटानं दाबायची आणि इंजेक्टर डिझेलचा फवारा कसा सोडतो ते बोटालाच कळलं पाहिजे. तुम्ही डोळे मिटून सांगायचात कुठला नोझल गेलाय. मी कितीतरी दिवस नुसती मान डोलवत होतो. मग एके दिवशी मलाही कळलं.

आणि हौदा. वर उचललेल्या हौद्याखाली घोडा (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, जॅक कितीही नवा असो. जमीन सपाट नसेल तर पीटीओला (हौदा उचलायला इंजिनाची ताकद देणाऱ्या जोडणीला) हात लावायचा नाही. आधी फाळका मोकळा झालाय का बघायचं, मग वर तारा आहेत का बघायचं. एकदा पावसात भिजलेला चुरा एका गाडीच्या हौद्यात वरच्या टोकालाच चिकटून बसला. ड्रायव्हर मागे घेऊन करकचून ब्रेक मारायच्या बेतात होता, धक्क्यानं माल सुटावा म्हणून. तुम्ही हातातला चहा टाकून धावलात. तेवढं वजन उंचावर असताना एक चाक जरी रुतलं असतं तरी अख्खी गाडी आडवी झाली असती. हौदा हळूहळू खाली घ्यायला लावून तुम्ही त्याला फावडं दिलंत. तो तासभर शिव्या देत माल काढत होता आणि तुम्ही दुसरा चहा घेतलात.

जुन्या गाड्यांचं कौतुक करणारे एक गोष्ट सोयीनं विसरतात. थंडीत त्या केबिनमध्ये बसणं म्हणजे शिक्षा होती. हीटर नावापुरता, इंजिन मांडीशी बोंबलतंय, शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडून. स्वीडनच्या व्होल्वोची एफ८६ गाडी यार्डात आली तेव्हा बरेच इंग्रज फिटर नाकं मुरडत होते. तुम्ही आत बसलात, दार लावलंत, हीटर चालू केलात आणि बाहेर येऊन म्हणालात, "संपलं यांचं." पुढे इंग्लिश कारखान्यांचं तसंच झालं. सँडबॅच या एकाच गावात फोडन आणि ईआरएफ, दोन्ही कारखाने. बाप-लेकांच्या घराण्यातले खरं तर. फोडन वाफेच्या गाड्यांना चिकटून बसली म्हणून त्या घराण्यातले लेक एडविन रिचर्ड फोडन बाहेर पडले आणि १९३३ साली गार्डनर डिझेल इंजिन घालून त्यांनी पहिली ईआरएफ काढली. फोडन १९८० साली अमेरिकेच्या पॅकारकडे गेली आणि २००६ साली ते नावच बंद झालं. ईआरएफही पुढच्याच वर्षी. फोडनचा ब्रास बँड मात्र अजून वाजतो. कारखाना गेला, वाजंत्री उरली!

यार्ड सुटल्यावर मी स्वतःची गाडी घेतली, मग दुसरी. दोन्ही मुलांची शिक्षणं त्यावर झाली. घाटात बंद पडलो तेव्हा मेकॅनिकची वाट बघत बसावं लागलं असं क्वचितच झालं, कारण डिकीत तुमचेच पाने होते. तुम्ही निवृत्त होताना दिलेले. त्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि त्या शनिवारांचे तर मी विचारलेही नाहीत. नाना, मनापासून आभारी आहे.

आता कामाचं. आम्ही चार-पाच म्हातारे मिळून सत्तरच्या दशकातली एक आठ चाकी फोडन पुन्हा उभी करतोय. हौदा आला, फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या घातल्या. इंजिन सुरू होतं, पण चौथ्या सिलिंडरची दांडी बोटाला मऊ लागते. नोझल बदलून पाहिला, तरी तशीच. मला पंपाच्या एलिमेंटचा (आतल्या दट्ट्याचा) संशय आहे, बाकीचे म्हणतात पाइपात हवा आहे. रविवारी जेवणं झाल्यावर फोन करतो. नातवाला सांगा, फोन तुमच्या डाव्या कानाला धर. इंजिन चालू ठेवूनच बोलणार आहे.

तुमचा,
शनिवारचा किन्नर (म्हणजे तुमचा क्लीनर)