रविवारी फोन का उचलला नाही

लीड्स,
रविवार, रात्री साडेनऊ

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

सकाळी तुमचे फोन आले तेव्हा माझा फोन मैत्रिणीच्या गाडीत होता आणि मी सायकलवर. आता तिकडे रात्रीचे दोन वाजले असतील, म्हणून फोन न करता लिहायला बसले. दादा आजीला वाचून दाखवेल.

मी अगदी बरी आहे. आधी कोपराचं सांगते, कारण ग्रुपवरचा तो फोटो मावशीने मोठा करून पाहिला असं कळलं. हाड मोडलेलं नाही, टाके नाहीत, नुसतं खरचटलंय. काल शर्यतीच्या शेवटच्या फेरीत माझ्या पुढच्या दोघींची चाकं एकमेकींना लागली आणि मी बाजूच्या गवतात पडले. प्रथमोपचाराच्या बाई तिथेच होत्या, त्यांनी लगेच धुऊन पट्टी बांधली. त्या दोघींनाही फार लागलं नाही. उद्या मी कामावर जाणार आहे.

आणि आत्याला सांग, सायकलचे ते घट्ट कपडे तसेच असतात. सैल कपड्यात वारा भरतो आणि पायजमा साखळीत अडकतो. इथे आजी झालेल्या बायकाही तेच घालतात. आमच्या सायकल संघातली एक अठ्ठावन्न वर्षांची आहे, बस चालवते, आणि चढावर मला मागे टाकते.

कालची शर्यत ब्राउनली सेंटरच्या एक मैलाच्या बंद रस्त्यावर होती. तिथे मोटारी येतच नाहीत, म्हणजे बाबांची ती काळजी कालपुरती तरी नको. पाऊण तास गोल फिरायचं आणि त्यावर आणखी तीन फेऱ्या. आई, तू विचारशील कितवी आलीस. मी आले शेवटच्या काहीजणींत, कोपर धरून. पण आमच्या संघातली गणिताची शिक्षिका तिसरी आली, आणि तो तिसरा नंबर माझाही आहे. मनाची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. सायकलवर सगळ्यात जास्त ताकद वारा कापण्यात जाते. पुढचीच्या चाकाला चिकटून राहिलं की मागचीची जवळजवळ तिसरा हिस्सा मेहनत वाचते. शेवटच्या दोन फेऱ्यांत मी पुढे राहून वारा अंगावर घेतला, ती माझ्या मागे दडून राहिली, आणि मी पार दमल्यावर ती बाजूने सुटली; माझं पडणं त्यानंतरचं. हे आधीच ठरलं होतं. पुढच्या महिन्यात ती माझ्यासाठी करणार आहे. तू दर फोनला म्हणतेस ना, ‘एकटी आहेस तिकडे’, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आजचा प्रकार मात्र निराळा, आणि तो नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला खरा वाटणार नाही. याला टाइम ट्रायल म्हणतात. सगळ्या एकदम सुटत नाहीत, एकेक मिनिटाने एकेक जण सुटतो. पाठीवर जो आकडा, तेच तुमचं मिनिट. माझा आकडा तेवीस, म्हणून सात वाजून तेवीस मिनिटांनी मी. भर रस्त्याच्या कडेला एक आजोबा घड्याळ घेऊन बसलेले, दुसरे आजोबा तुमची सायकल बैठकीला धरून उभे. दोन्ही पाय पेडलमध्ये अडकवायचे आणि त्यांच्या हातावर विसंबून स्वस्थ बसायचं. ते ढकलत नाहीत, ढकलणं नियमात बसत नाही. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि ते फक्त हात सोडतात. मग दहा मैल एकटीने. कुणाला गाठलं तरी तिच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं नाही, पुढे निघून जायचं. परत आल्यावर गावाच्या सभागृहात चहा आणि घरी केलेले केक. तिथे नंबर कुणी विचारत नाही, ‘किती वेळ लागला?’ एवढंच विचारतात. माझी एकोणतीस मिनिटं झाली.

रस्त्याला नावाऐवजी सांकेतिक अक्षर आणि आकडे असतात. यॉर्कशरच्या रस्त्यांना व्ही. मला हे फार विचित्र वाटलं, म्हणून त्या घड्याळवाल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, १८९०च्या दशकात इथल्या सायकल संघटनेनेच रस्त्यावरच्या शर्यतींवर बंदी घातली होती; लोकांची तक्रार गेली तर सरकार रस्त्यावर सायकलच चालवू देणार नाही, अशी भीती. तेव्हा बिडलेक नावाच्या गृहस्थांनी १८९५ साली ही एकेकट्याने सुटायची तऱ्हा काढली. पहाटे जायचं, अंगभर काळे कपडे घालायचे, घोळका दिसू द्यायचा नाही, आणि जागा कळू नये म्हणून संकेत. बंदी कधीच गेली, पण पहाट आणि संकेत राहिले.

बाबा, तुम्ही विचाराल म्हणून मीच सांगते, आजचा रस्ता वाहतुकीला बंद नव्हता. पण पोलिसांना आधी कळवलेलं असतं, वळणांवर माणसं उभी असतात, हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा नसेल तर सुटूच देत नाहीत. माझ्या सभासदत्वात विमाही आहे. तुम्ही ऍटलस सायकलवरून पंचवीस वर्षं कारखान्यात गेलात ते हायवेनेच, आणि हेल्मेटशिवाय.

इथून जवळच मॉर्लीला बेरिल बर्टन नावाच्या सायकलपटू राहायच्या. लहानपणी संधिवाताच्या तापाने महिनोन्‌महिने दवाखान्यात, डॉक्टरांनी दगदग करायची नाही असं बजावलेलं. पुढे रेवाचिनीच्या, म्हणजे इथल्या रूबार्ब भाजीच्या, शेतात मजुरी केली आणि सात वेळा जगज्जेत्या झाल्या, शेवटपर्यंत हौशीच. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत त्यांनी ४४६ किलोमीटर सायकल मारली, म्हणजे जवळजवळ पुणे ते गोवा. पुरुषांचा विक्रमही मोडला. वाटेत जो पुरुष पहिला होता त्याला गाठलं तेव्हा खिशातली खाऊची गोड गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. बायकांमधला त्यांचा तो विक्रम २०१७पर्यंत टिकला. आई, यातलं तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते ते हे: त्यांना सायकलकडे वळवलं ते त्यांच्या नवऱ्याने. लग्नानंतर, मुलगी झाल्यानंतर, त्यांचे सगळे विक्रम झाले. पुढे त्या लेकीबरोबरही शर्यती खेळल्या. तेव्हा ‘लग्न ठरलं की हे सगळं बंद’ असं त्या पुण्याच्या स्थळाच्या लोकांना परस्पर सांगू नकोस.

तू पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू मी पाठीच्या खिशात घेऊन जाते. संघातल्या सगळ्या मागतात, म्हणून आता गुळाचे थोडे जास्त कर, दादाचा मित्र येणार आहे त्याच्याकडे दे.

आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी इथे होते. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही, आणि त्या शनिवारीही मी शर्यतीला गेले. घरी बसून फोनची वाट बघवली नसती. आजी, तुला राग आला असेल तर सांग, दादाकडून निरोप नको, तू स्वतः बोल. दुपारचे थेंब चुकवू नकोस.

पैशांचं. चाळीस हजार शुक्रवारी पाठवलेत. त्यातले पतपेढीच्या हप्त्याचे आधी भरा आणि पावती घ्या, उरलेल्यात पावसाआधी स्लॅबची गळती काढा. बाबा, सायकलवर किती उधळते असं तुम्ही दादाला विचारलंत. माझी सायकल ऍल्युमिनियमची, संघातल्याच एकीने वापरलेली, आणि तिचे पैसे फेडून झालेत. कालची प्रवेश फी वीस पौंडांच्या आसपास होती. ती घरच्या पैशातून जात नाही. मी बाहेर जेवत नाही, त्यातून निघते.

मार्गशीर्षात दादाच्या लग्नाला मी नक्की येणार. सुट्टीचा अर्ज आजच लिहून ठेवलाय. वहिनीच्या साडीचे पैसे मी देईन, तिला रंग विचार.

आणि पुण्याच्या त्या स्थळाचं. फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. त्यांचा मुलगा मँचेस्टरला आहे, म्हणजे इथून ट्रेनने तासाभरावर. भेटेन, पण पत्रिका जुळली म्हणून लगेच होकार कळवू नका. सायकलचं मी स्वतः सांगेन. शनिवार-रविवार नको, मंगळवारी संध्याकाळी मी मोकळी असते, त्याला तसं कळव.

तुमची लेक

ता. क. कोपराचं मावशीला तूच सांग.