न्यू हेवनच्या ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

छायाचित्रकार रॉबर्ट जिआर्डवरचा माझा लेख असलेला दिवाळी अंक हाती आला. तुमची प्रत टपालात पडली आहे, पोचेल तेव्हा पोचेल. आभार मात्र इथेच, चारचौघांत मानतो. तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे.

जिआर्डचा संग्रह अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आणि तुम्ही न्यू हेवनला, एवढ्या भांडवलावर मी तुम्हाला कामाला लावलं. तुम्ही रजा टाकून वाचनकक्षात बसलात आणि पेन्सिलीनं पानंच्या पानं टिपणं काढून पाठवलीत. लेख उभा राहिला तो त्यांच्यावर.

1985 साली न्यूयॉर्कमध्ये एड्सवरची दोन नाटकं पाहून जिआर्डनं मनावर घेतलं, की समलिंगी लेखक-लेखिकांचे फोटो काढायचे. पुढं पाचशेहून अधिक जणांचे काढले. कृष्णधवल, बरेचसे ज्याच्या-त्याच्या घरी, पुस्तकांच्या पसाऱ्यात. 1988 मध्ये निकोलस निक्सननं काढलेले एड्सच्या रुग्णांचे फोटो न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले, तेव्हा एड्सविरुद्ध लढणाऱ्या ॲक्ट अप संघटनेचे कार्यकर्ते दालनात पत्रकं वाटत उभे राहिले. आम्हाला नुसतं खंगताना दाखवू नका, चिडलेलं, लढणारं, देखणंही दाखवा, असं त्यांचं म्हणणं. निक्सनच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. पण जिआर्डपुढं बसलेला माणूस आधी लेखक असतो. आजारी असलाच तर नंतर.

असोटो सेंटच्या फोटोपुढं तुम्ही एकच ओळ लिहिली होती: ‘हा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला दिसत नाही.’ नव्हताच! हैतीत जन्मलेला हा कवी 1992 साली आपल्या मित्राच्या, कवी डोनाल्ड वुड्सच्या अंत्यविधीत उठला आणि तिथं कुणीच घेत नव्हतं ते एड्सचं नाव त्यानं सगळ्यांसमोर घेतलं. दोन वर्षांत तोही त्याच रोगानं गेला. हा प्रसंग तुम्हाला मी सांगितलाही नव्हता, नुसत्या चेहऱ्यावरून तुम्ही माणूस ओळखलात. मग लेखाची सुरुवात तुमच्याच त्या ओळीनं केली. संपादकांनी तेवढ्या एका वाक्याला हात लावला नाही, बाकी सगळीकडे कात्री चालवली.

आता एक आगाऊपणा. पीटर हुजारनं काढलेल्या फोटोंच्या हजारो कॉन्टॅक्ट शीट्स (अख्ख्या रोलचे छोटे छोटे फोटो एकाच कागदावर) न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत. कलावंतांची असली पोर्ट्रेट्स काढणारा दुसरा सापडणं कठीण. 1987 साली एड्सनं तोही गेला. तुमच्याकडून तिकडे थेट गाडी आहे. रजा शिल्लक असेल तर कळवा.

तुमचा,
लेखाखाली ज्याचं नाव छापलंय तो