ऑगस्टचं पान

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

दूध, औषधं आणि सिलिंडरच्या नोंदींसाठी गूगल डॉक्समध्ये कॅलेंडर कसं करायचं ते लिहिते. फोनवर करू नका, लॅपटॉपच घ्या. तयार नमुन्यांच्याही नादी लागू नका, त्यांत वार वरच्या ओळीत आडवे असतात. आपल्या भिंतीवर वार डावीकडे, वरून खाली असतात आणि तुमच्या नजरेला तीच सवय आहे.

आधी पान आडवं करा. फाइल, मग पेज सेटअप: लँडस्केप, ए-फोर, चारही मार्जिन १.२७. हे पर्याय दिसले नाहीत तर 'पेजलेस' चालू असेल, तिथेच वर 'पेजेस' निवडा. टेबल घातल्यावर पान आडवं केलं तर टेबल आपोआप रुंद होत नाही, म्हणून हा क्रम.

वर 'ऑगस्ट २०२६' लिहा, अक्षर २४. खाली इन्सर्टमधून टेबल: ६ रकाने, ७ ओळी. पहिल्या रकान्यात वार. टेबलावर राइट-क्लिक करून टेबल प्रॉपर्टीजमध्ये पहिल्या रकान्याची रुंदी ३.१ आणि बाकीच्या पाचांची ४.८ सेंमी द्या. ओळीची किमान उंची २.२.

एक ऑगस्ट शनिवारी आहे, त्यामुळे महिना सहा आठवड्यांत पसरतो. सहावा रकाना घालू नका, चौकोन अरुंद होतील. भिंतीवरच्या कॅलेंडरात करतात तसं ३० आणि ३१ पहिल्या आठवड्याच्या रिकाम्या चौकोनांत बसवा. म्हणजे रविवारची ओळ ३०, २, ९, १६, २३ आणि सोमवारची ३१, ३, १०, १७, २४. मंगळवार ते शुक्रवार पहिला चौकोन मोकळा. शनिवार १, ८, १५, २२, २९. टॅब दाबला की कर्सर उजवीकडे जातो, म्हणून आडवंच भरत जा, दर वेळी सात मिळवून. शेवटच्या चौकोनात मात्र टॅब दाबू नका, खाली नवी ओळ उगवते. आणि बाबा, तारखेपुढे टिंब नको. इंग्रजी आकड्यात एक लिहून टिंब आणि स्पेस दिली की डॉक्सला ती यादी वाटते. झालंच तर कंट्रोल-झेड.

फाँट 'मुक्ता', तारीख १८, नोंद १०, ओळींमधलं अंतर 'सिंगल'. चौकोनात तारखेखाली एकच ओळ मावते: 'दूध १॥ लि.' किंवा 'गॅस लावला'. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून तिची ओळ इंग्रजीपेक्षा उंच होते. तिसरी ओळ लिहिली की ती अख्खी आडवी ओळ फुगते. पानावर जेमतेम सेंटिमीटरभर जागा उरलेली असते, त्यामुळे असं तीन-चार वारांना झालं की शनिवार दुसऱ्या पानावर. दुसरं पान कोरंच निघालं तर टेबलाखाली एक रिकामी ओळ असते (ती पुसता येत नाही), तिचं अक्षर १ करा.

रविवार लाल करायचा मोह होईल. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल नुसता करडा दिसतो, त्यापेक्षा ठळक करा.

आई, तिथी अंदाजाने लिहू नकोस. तिथी सूर्योदयाला कुठली चालू आहे त्यावर मोजतात, त्यामुळे एखादीचा क्षय होतो, एखादी दोन दिवस येते. संकष्टी तर चंद्रोदयावर ठरते. पंचांगात बघूनच भर.

झेरॉक्सवाल्याला लिंक पाठवू नका, त्याच्याकडे उघडेलच असं नाही. फाइल, डाउनलोड, पीडीएफ करून पाठवा आणि 'स्केल १००' ठेवायला सांगा.

सप्टेंबरसाठी नवीन टेबल नको. फाइलमधून 'मेक अ कॉपी' करा आणि तारखा बदला. एक तारीख मंगळवारी, त्यामुळे तीस दिवस पाच रकान्यांत सरळ बसतात. यंदा अधिक ज्येष्ठ होता म्हणून गणपती उशिरा, १४ सप्टेंबरला सोमवारी. त्या चौकोनात दुधाची नोंद जरा मोठी लागेल, मोदक आहेत ना.

तुमची,
लेक